बासनातील श्रुतधन आणि संगणकाची वही

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात मंदिराचा जीर्णोद्धार झाला, धर्मशाळा उभी राहिली, पाठशाळा सुरू झाली, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. या कार्याचा गौरव इतर वक्त्यांनी केला आहे व तो यथायोग्यच आहे. मला मात्र विश्वस्तांनी वेगळा विषय दिला. जुनी हस्तलिखिते, शिलालेख, ग्रंथ आणि कागदपत्रे आज संगणकावर जतन होत आहेत, त्याविषयी बोलावे अशी त्यांची सूचना आहे. मी पंडित नाही व संगणकतज्ज्ञही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि उभा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला माणूस. तरीही ही सूचना मी स्वीकारली, कारण या विषयाशी माझे एक जुने देणे आहे. ते आधी सांगतो.

गोदावरीला वाहिलेले गाठोडे

पैठण तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर १९९१ साली पाडावयाचे ठरले. माळ्यावर लाल कापडात बांधलेले एक मोठे गाठोडे निघाले. त्यात काही मोडीतील चोपड्या होत्या आणि बाळबोध अक्षरांत लिहिलेल्या तीन-चार पोथ्या. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पाने एकमेकांना चिकटली होती. घरात कोणाला ते वाचता येईना. जीर्ण ग्रंथ पायदळी येऊ नये, त्याचे पवित्र जलात विसर्जन करावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्याप्रमाणे मी स्वतः ते गाठोडे पैठणच्या घाटावर नेले आणि हात जोडून गोदावरीच्या पाण्यात सोडले. पुण्य केल्याच्या समाधानात घरी परतलो.

पुढे काही वर्षांनी जुन्या मराठी जैन साहित्याचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक दुकानात कापड घेण्यास आले. बोलता बोलता ते म्हणाले की, मराठवाड्यातील जैन घरांत अजून अप्रसिद्ध मराठी पोथ्या असण्याचा संभव आहे. मी त्यांना गाठोड्याची गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पोथीचे नाव काय होते?” मला सांगता आले नाही. “शेवटच्या पानावर गावाचे नाव, लेखनिकाचे नाव, शक काही होते का?” तेही मला सांगता आले नाही. बंधू-भगिनींनो, पोथ्या गेल्या याचे दुःख आहेच. परंतु काय गेले हेच ठाऊक नाही, हे दुःख त्याहून मोठे आहे. दुकानात चोरी झाली तर साठ्याच्या वहीवरून कोणते तागे गेले ते सांगता येते. माझ्या पूर्वजांच्या धनाची तशी वहीच नव्हती.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या ज्ञानधनाची आधी यादी व्हावी, मग त्याच्या प्रती व्हाव्यात, आणि प्रती झाल्या तरी मूळ पोथी जिवापाड जपावी. संगणकाचा उपयोग या क्रमाने केला तरच तो उपयोग ठरेल.

संगणकावर काय काय आहे?

संगणकीय संग्रह म्हटले की पोथ्यांची छायाचित्रे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्यात फार विविध प्रकारची सामग्री आहे. आपल्या दारातील वेरूळचेच उदाहरण घेऊ. क्रमांक ३० ते ३४ ही तेथील जैन लेणी. छोटा कैलास, इंद्रसभा, जगन्नाथसभा ही नावे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि तिच्या आसनावर शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३४ च्या सुमाराचा लेख आहे. वर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ही मूर्ती करविली आणि या डोंगराला चारणाद्री असे नाव होते, हे आपल्याला त्या लेखावरून कळते. तो देवगिरीच्या यादवांचा, राजा सिंघणाचा काळ. आपण दर्शनाला जातो, माथा टेकतो; परंतु आसनावरची अक्षरे किती जणांनी पाहिली असतील?

जेम्स बर्जेस यांनी वेरूळच्या लेण्यांवरील अहवाल १८८३ साली प्रसिद्ध केला. त्यात या लेण्यांची वर्णने, नकाशे आणि लेखांची वाचने आहेत. पूर्वी हा ग्रंथ पाहावयाचा तर मोठ्या शहरातील ग्रंथालयाचे उंबरठे झिजवावे लागत. आज तो ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने निघाली. निजाम सरकारच्या आज्ञेने १८८४ साली औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले. अहवाल, छायाचित्र, गॅझेटियर आणि शिलालेख या चार निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एका ठिकाणाचा इतिहास उभा राहतो. पूर्वी हे काम केवळ विद्वानांना साधत असे. आता ते आपल्या पाठशाळेतील नववीच्या मुलीलाही साधू शकते.

शिलालेखांचे महत्त्व आपण मराठी जैनांनी तर विसरूच नये. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या चरणांजवळ मराठी भाषेतील जुना लेख आहे. तेथील लेखांचा संग्रह लुईस राईस यांनी १८८९ साली प्रसिद्ध केला. मराठीच्या आरंभकाळाची चर्चा करताना आजही अभ्यासकांना भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी जावे लागते.

हस्तलिखितांचे भांडार तर अफाट आहे. गांधीनगरजवळ कोबा येथील आचार्य श्री कैलाससागरसूरि ज्ञानमंदिरात दोन लाखांहून अधिक हस्तलिखिते आहेत व त्यांच्या सूचीचे काम संगणकावर चालते. जैसलमेरच्या ताडपत्रांच्या भांडारात मुनिश्री पुण्यविजयजींनी १९५०-५१ च्या सुमारास राहून पोथ्यांची व्यवस्था लावली, सूची केली आणि त्यांच्या सूक्ष्मचित्रफिती करविल्या. पुढे मुनिश्री जंबूविजयजींनी संगणकीय प्रतींसाठी परिश्रम घेतले. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सरकारी हस्तलिखितांचा जो मोठा संग्रह आला त्यात हजारो जैन पोथ्या आहेत. त्यांची वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केली. उत्तर अमेरिकेतील ‘जैना’ या आपल्या समाजाच्या संघटनेने संगणकावर जैन ग्रंथालय उभे केले आहे. तेथे आगम, टीका, कोश, जुनी मासिके, सर्व संप्रदायांचे ग्रंथ एकत्र मिळतात. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी असा भेद त्या कपाटात नाही, हे मला विशेष आवडले.

प्रत करणे हीच आपली परंपरा

काही ज्येष्ठांना वाटते की, ही नवी पद्धत परकी आहे. मला तसे वाटत नाही. ग्रंथाची प्रत करणे व ती दान देणे हे आपल्याकडे शास्त्रदान मानले गेले आहे. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराण’ ग्रंथाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात एक हजार प्रती म्हणजे किती लेखनिक, किती ताडपत्रे, किती द्रव्य लागले असेल, याचा हिशेब माझ्यासारख्या व्यापाऱ्याला सहज मांडता येत नाही.

दुसरे उदाहरण षट्खंडागमाचे. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत व भूतबली या मुनिवरांनी ग्रथित केले आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ते पूर्ण झाले म्हणून आपण श्रुतपंचमी साजरी करतो. राष्ट्रकूट काळात वीरसेनाचार्यांनी त्यावर धवला टीका लिहिली. या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके केवळ कर्नाटकातील मूडबिद्री येथे उरल्या होत्या. त्यांतील महाबंधाची प्रत मल्लिकब्बे नावाच्या श्राविकेने श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनानिमित्त लिहवून माघनंदी मुनींना अर्पण केली, असे त्या प्रतीची प्रशस्ती सांगते. एका गृहिणीने व्रताचे उद्यापन केले म्हणून तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला.

मूडबिद्रीला यात्रेकरू जात. ताडपत्रांचे दूरून दर्शन घेत आणि परत येत. आत काय आहे हे वाचणारा कोणी उरला नव्हता, कारण लिपी जुनी कानडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना याची खंत वाटली. दोघेही व्यापारी होते हे मी अभिमानाने नमूद करतो. त्यांनी द्रव्य गोळा केले, तेथील पंचांची समजूत घातली, आणि नकलेचे काम सुरू झाले. ते कित्येक वर्षे चालले. प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत अशी तेथील मंडळींची इच्छा होती. परंतु नकलेचे काम करणाऱ्या गजपती शास्त्रींनी गुप्तपणे आणखी एक प्रत केली, ती उत्तरेत सहारनपूरला गेली आणि तिच्यापासून पुढे इतर प्रती झाल्या. त्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध केला. पुढे एकूण १६ खंड निघाले.

या गोष्टीचा शेवट फार बोधप्रद आहे. नकलेवरून केलेल्या नकलेत चुका शिरतात. पाठ शुद्ध करावयाचा तर मूळ ताडपत्र पाहणे भाग होते. ग्रंथ छापून निघाला, त्याचा आदर झाला, तेव्हा मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी स्वतः पुढे होऊन मूळ प्रतींशी मेळ घालण्यास साहाय्य केले. ज्या हातांनी दार लावून घेतले होते, त्याच हातांनी ते उघडले. दार लावणारे वाईट नव्हते. त्यांनी सांभाळले म्हणून तर काही उरले होते. परंतु दार उघडले नसते तर उरलेले कीड खाऊन गेली असती. तसे काही अंशी घडलेही होते. महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग किडीने नष्ट झाला होता. हे ऐकून चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज अत्यंत व्यथित झाले. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरविण्यात आले व ती ताम्रपत्रे फलटण येथे ठेवण्यात आली. याच महाराजांनी १९५५ साली आपल्या मराठवाड्यातील कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला. कुंथलगिरीच्या यात्रेत आपण त्यांच्या तपाचे स्मरण करतो. श्रुतरक्षणाच्या त्यांच्या तळमळीचेही स्मरण करावे, अशी माझी विनंती आहे.

ताडपत्र, कागद, छापखाना, ताम्रपत्र आणि आता संगणक. साधन दर पिढीत बदलत गेले आहे. कर्तव्य तेच आहे.

वहीत नोंद नसलेला माल

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. व्यापारात एक साधा नियम आहे. गोदामात माल आहे, पण वहीत त्याची नोंद नाही, तर तो माल असून नसल्यासारखा. गिऱ्हाईक दारात उभे असते, आपण नाही म्हणून सांगतो आणि वर्षाने साफसफाई करताना तोच तागा कसर लागलेला सापडतो.

विदर्भातील कारंजा येथील ग्रंथभांडारांची गोष्ट अशीच आहे. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या परंपरांची मंदिरे तेथे आहेत. भट्टारकांचे ते मोठे पीठ. त्यांच्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या होत्या. पण जगाला त्याचा पत्ता नव्हता. रायबहादूर हिरालाल यांनी संपादित केलेली मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध झाली. हे रायबहादूर हिरालाल निराळे आणि धवलेचे संपादक डॉ. हिरालाल जैन निराळे. कारंज्याच्या पोथ्यांच्या कामात डॉ. जैन यांचेही साहाय्य होते. या सूचीमुळे अपभ्रंश भाषेतील मोठमोठे ग्रंथ कारंज्यात आहेत हे विद्वानांना कळले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत राहिलेल्या पुष्पदंत महाकवीचा ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केला, तो १९३१ साली कारंजा ग्रंथमालेत निघाला. त्याच कवीचा ‘णायकुमारचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. अपभ्रंश म्हणजे मराठीच्या पूर्वपिढीतील भाषा. आधी यादी आली, मग ग्रंथ आले, मग भाषेच्या इतिहासाला नवे प्रकरण जोडले गेले. आज हे छापील ग्रंथ संगणकावर आहेत. परंतु या सर्वाच्या मुळाशी एक यादी आहे.

दुसरे नाव घेतले पाहिजे प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचे. कोणता जैन ग्रंथ कोणी लिहिला व त्याच्या प्रती कोणकोणत्या भांडारांत आहेत, याची वर्णानुक्रमे यादी त्यांनी ‘जिनरत्नकोश’ या नावाने केली. भांडारकर संस्थेने ती १९४४ साली प्रसिद्ध केली. वेलणकर जन्माने जैन नव्हते. तरीही ज्याला आपण आपली खतावणी म्हणावे असा ग्रंथ त्यांनी आपल्याला करून दिला. एवढ्या मोठ्या ऋणाची आपल्यापैकी किती जणांना जाणीव आहे?

आणि तिसरे काम डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचे. पोथीच्या शेवटी लेखनिक जी माहिती लिहितो, तिला प्रशस्ती किंवा पुष्पिका म्हणतात. गाव, शक, मंदिर, गुरू, लिहविणाऱ्या श्रावकाचे नाव, त्याचे गोत्र. आपण ही ओळ सोडून पोथी मिटतो. जोहरापूरकरांनी अशा ओळी व मूर्तींवरील लेख एकत्र केले आणि त्यातून ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. त्यात कारंजा शाखेबरोबर आपल्या लातूर शाखेचाही इतिहास आहे. आपल्या आजोबांचे आजोबा कोणत्या परंपरेचे अनुयायी होते, कोणत्या गावी कोणत्या वर्षी प्रतिष्ठा झाली, हे अशा एकेका ओळीतून कळते. मी गोदावरीत सोडलेल्या पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर अशाच ओळी असणार.

संगणकावरील संग्रहांतही यादीचा हा नियम लागू आहे. या शतकाच्या आरंभी आपल्या देशात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ नावाचा मोठा प्रकल्प झाला. लाखो ग्रंथांची पाने संगणकावर आली. काम प्रचंड आणि उपकारक. परंतु कित्येक ग्रंथांची नावे चुकीची नोंदली गेली, लेखक भलताच लागला, भारतीय भाषांतील नावे रोमन अक्षरांत कशीही लिहिली गेली. ग्रंथ तेथे असूनही शोधणाऱ्याला सापडत नसे. पुढे तो प्रकल्प बंद पडला. त्यांतील पुष्कळ ग्रंथ ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर उतरवून घेतले गेले होते म्हणून आज वाचता येतात. येथे दोन धडे आहेत. चुकीची नोंद म्हणजे पुन्हा हरवलेली पोथी. आणि एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत म्हणजे अर्धी गमावलेली प्रत.

शंका आणि समाधान

या विषयावर आपल्या मंडळींशी बोलताना तीन शंका माझ्या कानावर आल्या. त्यांचा विचार आदरपूर्वक केला पाहिजे.

पहिली शंका पावित्र्याची. शास्त्र मंदिराबाहेर जाऊ नये, कोणीही कसेही हाताळू नये. ही भावना योग्य आहे. म्हणून पोथी बाहेर न्यावयाचीच नाही. छायाचित्रणाचे साधन मंदिरात आणता येते. हात स्वच्छ धुऊन, पोथी चौरंगावर ठेवून, वरून कॅमेरा लावून काम होते. पोथी यंत्रात दाबावयाची नाही, पाने ओढून सोडवावयाची नाहीत, प्रखर झोत टाकावयाचा नाही. चिकटलेली पाने जाणकाराच्या हातीच द्यावयाची.

दुसरी शंका दुरुपयोगाची. आपले ग्रंथ जगापुढे ठेवले तर कोणी विपर्यास करील. याचे उत्तर मूडबिद्रीने दिलेले आहे. ग्रंथ दडविल्याने विपर्यास टळत नाही. शुद्ध प्रत उपलब्ध असली म्हणजे विपर्यास करणाऱ्याला उत्तर देता येते. शिवाय सर्व काही एकदम प्रसिद्ध करण्याचे बंधन कोणावरही नाही. यादी प्रसिद्ध करावी, प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि अभ्यासकाने मागितली तर विश्वस्तांनी विचार करून द्यावी, असा मध्यममार्ग आहे.

तिसरी शंका नेमकी उलट बाजूची आहे आणि ती तरुणांकडून येते. एकदा छायाचित्रे निघाली की जुन्या कागदांची गरज काय? जागा अडते, वाळवी होते. या विचाराची मला सर्वांत अधिक भीती वाटते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसारख्या बलाढ्य संस्थेवर ऑक्टोबर २०२३ मध्ये संगणकीय हल्ला झाला आणि तिच्या हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती दीर्घकाळ वाचकांना पाहता येईनात. मूळ हस्तलिखिते मात्र कपाटात सुरक्षित होती. आपण फ्लॉपी पाहिली, सीडी पाहिली. आज घरातील किती यंत्रांत त्या चालतात? त्याउलट तीनशे वर्षांचा हातकागद आजही डोळ्यांनी वाचता येतो. शिवाय कागदाचा पोत, शाईचा थर, दुरुस्तीच्या खुणा, समासातील बारीक टिपा हे सारे छायाचित्रात पूर्ण उतरत नाही.

येथे माझ्या व्यवसायातील दोन शब्द सांगतो, कारण पोथीचे पहिले कवच कापडाचे असते. आपण श्रद्धेने नवे चकचकीत कापड, कधी जरीचे, कधी कृत्रिम धाग्याचे, वेष्टन म्हणून अर्पण करतो. कृत्रिम धाग्याच्या कापडात हवा खेळत नाही, ओल कोंडते. नव्या सुती कापडाला खळ असते आणि खळ हे किडीचे अन्न आहे. म्हणून साधा जाड सुती मांजरपाट घ्यावा, दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढावी, कडक उन्हात वाळवावा आणि मग पोथी बांधावी. लाल कापड वापरावयाचे तर रंग पक्का आहे का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून आधी पाहावे. वर-खाली पाटली ठेवून बांधणी घट्ट असावी. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस वाचकाला ती सांभाळण्याची विनवणी करीत, त्यात पाण्याच्या जोडीने सैल बांधणीचीही भीती व्यक्त केलेली असे. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपल्या आजीची रीत आजही उपयोगी आहे. मात्र ती पानांना चिकटून ठेवू नये. वर्षातून एकदा बासने सोडावीत. श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी या तिथी आपल्या पूर्वजांनी त्यासाठीच दिल्या आहेत. पूजा करून आपण थांबतो. पूजेनंतर पोथी उघडून पाहणे हाही त्या व्रताचाच भाग आहे.

सुवर्ण महोत्सवाचा संकल्प

आपल्या संस्थेच्या ग्रंथकपाटात दोन फळ्या भरून बासने आहेत. काही मंदिराच्या जुन्या ठेव्यातील, काही आसपासच्या गावांतून घरे बंद झाली तेव्हा येथे आणून दिलेली. त्यांत काय आहे, हे आज आपल्यापैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी जेथे उभा होतो, तेथेच आज आपली संस्था उभी आहे. फरक एवढाच की बासने अजून आपल्या हाती आहेत.

मी विश्वस्तांपुढे नम्रपणे चार गोष्टी ठेवतो. पहिली, येत्या श्रुतपंचमीपासून यादीला आरंभ करावा. एक साधी रेघांची वही पुरे. प्रत्येक बासनाला क्रमांक द्यावा. ग्रंथाचे नाव, भाषा, लिपी, पानांची संख्या, लांबी-रुंदी, पहिली ओळ, शेवटची ओळ, शक, गाव, लेखनिक, दाता आणि आजची अवस्था लिहावी. जे वाचता येत नाही तेथे तसे लिहावे, अंदाज लिहू नये. दुसरी, यादी झाल्यावर छायाचित्रण करावे व छायाचित्रांच्या फाईलला तोच बासनाचा क्रमांक द्यावा. तीन प्रती ठेवाव्यात. एक संस्थेत, एक शहरात दुसऱ्या ठिकाणी, एक परगावच्या विश्वासू संस्थेत. दर दोन-तीन वर्षांनी त्या उघडतात का ते पाहावे व नव्या साधनावर उतरवाव्यात. तिसरी, मोडी व जुनी बाळबोध वाचण्याचा वर्ग पाठशाळेत सुरू करावा. चौथी, जुने हिशेब, वर्गणीच्या याद्या, प्रतिष्ठेच्या निमंत्रणपत्रिका, यात्रासंघांची छायाचित्रे आणि घराघरांतील चोपड्या यांनाही या यादीत स्थान द्यावे. इतिहास केवळ शास्त्रग्रंथांत नसतो. दुष्काळात कोणी किती ज्वारी वाटली, हे चोपडीतच सापडते.

शासनाचेही साहाय्य घेता येईल. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले होते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचा त्यात उद्देश आहे आणि खासगी संग्राहकांनाही त्यात सामावून घेण्याचे म्हटले आहे. परंतु सर्वेक्षण करणारा अधिकारी दारी येईल तेव्हा त्याच्या हाती देण्यास आपल्याजवळ यादी असावी. ती कोणी बाहेरचा येऊन करून देणार नाही.

सर्व बासनांसाठी लागणारे मांजरपाटाचे कापड, खळ काढून, धुऊन, शिवून देण्याची सेवा माझ्या कुटुंबाने स्वीकारली आहे. यादीच्या पहिल्या दिवशी वही घेऊन बसण्यासही मी येईन. माझे अक्षर अजून हिशेबी माणसाचे आहे, वाचता येईल.

मराठीत एखादे काम टाळले की ते ‘बासनात गुंडाळून ठेवले’ असे म्हणतात. आपल्या पूर्वजांनी बासनात गुंडाळले ते टाळण्यासाठी नव्हते, सांभाळण्यासाठी होते. त्यांनी सांभाळले त्याची नोंद आपल्या पिढीकडून व्हावी. कोणा नातवाने उद्या विचारले, “पोथीचे नाव काय होते?”, तर त्याला उत्तर मिळावे. मला ते देता आले नाही.

बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.